कोरी नळी

हिडकलच्या पाण्यावरचं धुकं उठायच्या आत
आम्ही चिखलात उतरतो, अडिवेप्पा आणि मी.
पट्टकादंबांचा थवा नुकताच गेलाय.
मागे पावलांचे त्रिकोण,
आणि हिरवट, बोटभर लांब,
अजून ओली शीट.

अडिवेप्पा तिला हिक्के म्हणतो.
मी कागदावर ‘नमुना’ लिहिते.
“नमुना अंदरे? साडीच्या दुकानात आलो काय आपण?”
मी वडगावची, मागावरच्या घरातली,
हे त्याला मी कधी सांगितलं होतं
आठवत नाही.

आइस्क्रीमच्या काडीनं वरचा पापुद्रा सारायचा.
मातीला टेकलेलं घ्यायचं नाही.
आतलं, मऊ, वाटाण्याएवढं,
स्पिरिटच्या नळीत.
झाकण, नंबर, वेळ.
आणि दर दहा नळ्यांमागे एक कोरी:
तिच्यात काहीच घालायचं नाही,
फक्त उघडायची, इथली हवा दाखवायची, मिटायची.
ती कशाला, तो विचारतो.
आपल्यावर लक्ष ठेवायला, मी म्हणते.

बांधावरून बाळगौडा ओरडतो,
माझा हरभरा खाल्लाय ह्यांनी, लिहून घ्या की!
लिहीन, खाल्ला असेल तर.
“असेल तर म्हंजे? मी बघितलोय नव्हे!”
बघितलंय त्यानं. रात्री, बॅटरीच्या उजेडात,
माना खाली घातलेले दोनशे पक्षी.
चोचीत काय आलं
ते बॅटरीला दिसत नाही.

मग तीन महिने धारवाडचा फ्रीझर.
मग ए टी जी सी, ए टी जी सी,
आणि शेवटी माणसाला वाचता येईल अशी यादी:
हरळी. लव्हाळा. पाणगवत.
मका (पडलेला की उभा, ते कळत नाही).
हरभरा, सत्तरातल्या तीन नळ्यांत.
“तीन म्हंजे खाल्लंय की!” फोनवर बाळगौडा.
एक वनस्पती अशी, जिचं नाव
कुठल्याच संग्रहात सापडलं नाही.
अडिवेप्पाला दाखवता आली असती
तर कन्नडात तरी मिळालं असतं.

आणि मसूर. चौदा नळ्यांत.

धरणाच्या काठाला मी मसूर कुठे पाहिला नव्हता.
मसूर आमच्याकडचा, येळ्ळूरच्या काळ्या रानातला,
भातामागून येणारा.
म्हणजे अंधारात पन्नासेक किलोमीटर
हे पक्षी तिकडे जातात,
वडगावच्या पत्र्यांवरून, आमच्या मागाच्या
खटखटीवरून, आणि उजाडायच्या आत परत.
दोन दिवस मी रात्री गच्चीवर उभी राहिले.
आईला वाटलं, माझं कुणाशी तरी जुळलंय.

तिसऱ्या दिवशी हुंदरे मॅडमनी
कोऱ्या नळीच्या ओळीवर पेन टेकवलं.
तिच्यातही मसूर.

हातमोजे होते. हात धुतले होते.
पण पहाटे चारला आई आमटी करते,
डब्याचं झाकण गळतं,
आणि पिशवी एकच: नळ्या खाली, डबा वर.
“आपली चूक आहे,” मॅडम म्हणाल्या, “तशीच लिही.”
चौदाही ओळींवर मी रेघ मारली.
पक्षी आमच्या घरावरून गेले नव्हते.
आमचंच घर चिखलापर्यंत आलं होतं.

यंदा अडिवेप्पाला हे सगळं सांगितलं.
तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
मागच्या वर्षी त्या आमटीतली निम्मी
त्यानंच भाकरी कुस्करून खाल्ली होती.
“मग माझ्या हाताचं पण असंल त्यात,” म्हणाला,
आणि तळवे पँटला पुसले.

आता डबा जीपमध्ये असतो. दुपारपर्यंत कुणी खात नाही.
नऊ नळ्या भरल्या.
दहावी उघडते, श्वास धरून.
शेजारी अडिवेप्पानंही धरलाय,
गाल फुगवून,
बुडी मारल्यासारखा.